पाळी येण्याआधीची दोन वर्षं

मुलीला पहिली पाळी येते तेव्हा घरात सगळ्यांना ती अचानक आली असं वाटतं. शरीराकडे नीट पाहिलं तर त्यात अचानक असं काही नसतं. साधारण दोन-अडीच वर्षं आधी मुलीच्या छातीत एक लहानशी गाठ हाताला लागते आणि थोडी दुखते. स्तनांची वाढ सुरू झाल्याची ती खूण असते. मग जांघेत आणि काखेत केस येऊ लागतात. वर्षभरात मुलगी एवढी उंच होते की मागच्या जूनमध्ये शिवलेला गणवेश आखूड पडतो. पाळीच्या आधी सहा महिने ते वर्षभर तिच्या अंगावरून अधूनमधून पांढरं जातं. तेही बहुतेक वेळा निरोगी वाढीचंच लक्षण असतं.

म्हणजे आईला, मावशीला, अंगणवाडीच्या ताईला आणि शाळेतल्या बाईंना शरीर जवळजवळ दोन वर्षांची मुदत देतं. एवढ्या काळात मुलीला बसवून, तिच्या भाषेत, शांतपणे सगळं सांगता येतं. बहुतेक घरांत ही मुदत न बोलताच संपते.

भारतातल्या किशोरवयीन मुलींविषयीच्या १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९७ हजार मुलींची माहिती होती. पाळी येण्याआधी ती म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या मुली त्यात निम्म्याहूनही थोड्या कमी निघाल्या, आणि पाळीच्या दिवसांत शाळा बुडवणाऱ्या मुली सुमारे एक चतुर्थांश. नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर भागात झालेल्या एका अभ्यासात आधीपासून माहिती असलेल्या मुली सुमारे ३७ टक्केच होत्या. उरलेल्यांनी रक्त पाहिलं तेव्हा काय वाटून घेतलं असेल, ते कोणत्याही बाईला सांगावं लागणार नाही. कुठे लागलं का, काही मोठा आजार झाला का, आपल्या हातून काही चुकलं का, हे प्रश्न तिच्या मनात पहिल्यांदा येतात. आणि आपण लपवण्यासारखं काहीतरी केलंय, ही भावना त्याच दिवशी रुजते.

या प्रकरणाचा आग्रह एवढाच आहे: पाळीची माहिती पाळीच्या आधी पोचली पाहिजे. जालना जिल्ह्यासारख्या ठिकाणी या एका गोष्टीवर मुलीची शाळा, तिच्या लग्नाचं वय आणि पुढे तिशीतलं आरोग्य किती अवलंबून असतं, ते आता पाहू.

शरीरात नेमकं काय घडतं

साधारण आठ-नऊ वर्षांच्या पुढे मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला जागं करतो. पिट्युटरीतून निघणारी संप्रेरकं रक्तातून ओटीपोटातल्या दोन अंडाशयांपर्यंत पोचतात. अंडाशयांत मुलीच्या जन्मापासूनच बीजं साठवलेली असतात. त्यांतलं एक बीज दर महिन्याला पिकू लागतं आणि अंडाशयातून इस्ट्रोजेन स्रवतं. त्याच्या प्रभावाने गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होतं. बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक ते अस्तर टिकवून धरतं, कारण गर्भ राहिला तर तो तिथेच रुजणार असतो. गर्भ राहिला नाही की साधारण दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तराचा रक्तपुरवठा आखडतो आणि अस्तर सुटून रक्तासोबत योनीमार्गे बाहेर येतं. ही पाळी.

हे अस्तर बाहेर टाकण्यासाठी गर्भाशयाचे स्नायू आवळतात. त्यांना आवळायला लावणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं अस्तरातच तयार होतात. ओटीपोटात आणि कंबरेत येणाऱ्या कळा त्यामुळेच असतात. कुणाला त्या जेमतेम जाणवतात, तर कुणाला झोपून राहावं लागतं. गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्याने आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या साध्या वेदनाशामक गोळीने आराम पडतो. ‘सहन करायला शिक’ हा त्यावरचा उपाय नव्हे.

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे चहाचे सहा ते आठ चमचे. कापडावर ते पसरतं म्हणून फार वाटतं. ते ‘खराब’ किंवा ‘साठलेलं’ नसतं. अंगातून धावतं तेच रक्त, त्यात अस्तराचे तुकडे आणि थोडा स्राव मिसळलेला असतो. ते बाहेर आल्यावर हवेशी आणि जंतूंशी संबंध येतो, तेव्हा वास येतो.

पहिली पाळी बहुतेक मुलींना अकरा ते चौदा या वयात येते. कुणाला नवव्या वर्षी, तर कुणाला पंधराव्या वर्षीही येते. पहिली एक-दोन वर्षं ती नियमित नसते. एकदा एकवीस दिवसांनी आणि पुढच्या वेळी पंचेचाळीस दिवसांनी आली तरी घाबरण्याचं कारण नाही. मात्र तीन खुणा प्रत्येक मुलीला आणि तिच्या आईला पाठ असाव्यात. पंधरा वर्षं उलटूनही पाळी आली नाही, रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालला, किंवा तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजू लागलं, तर डॉक्टरांकडे जायचं. नियमितपणे खूप रक्त जाणाऱ्या मुलीच्या अंगातलं लोह झपाट्याने घटतं. आपल्या राज्यात पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी त्यासाठीच असते. ती दप्तरात न ठेवता जेवणानंतर बाईंच्या समोरच गिळायची असते.

हे सगळं पाठ्यपुस्तकात आहेच, असं कुणी म्हणेल. आहे, पण बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात, प्रजननाच्या धड्यात. दहावीतली मुलगी पंधरा वर्षांची असते. तिची पाळी सातवीत किंवा आठवीत आलेली असते. मधल्या दोन-तीन वर्षांत घर, गल्ली आणि मैत्रिणी यांनी तिला जे शिकवायचं ते शिकवून झालेलं असतं. जालना जिल्ह्यातल्या बऱ्याच मुली तर त्या धड्यापर्यंत पोचतच नाहीत. किशोरवयीन मुलांना हे आधी सांगावं म्हणून केंद्र सरकारने आखलेला शिक्षणाचा कार्यक्रम २००७ साली महाराष्ट्राने संस्कृतीच्या नावाखाली शाळांबाहेर ठेवला. त्या वर्षी पाचवीत असलेल्या मुली आज स्वतः आया आहेत, हे विसरू नये.

विटाळाची वाट

पाळीच्या रक्ताला अपवित्र मानण्याची कल्पना एका धर्माची किंवा एका देशाची नाही. पहिल्या शतकातल्या रोममध्ये प्लिनी नावाच्या ग्रंथकाराने लिहून ठेवलं की पाळीतल्या बाईच्या सहवासाने द्राक्षाची दारू आंबते आणि पिकं वाळतात. तुळस वाळते, लोणचं नासतं, पापड लाल पडतात, ही आपल्याकडची यादी त्याच घराण्यातली. नवल म्हणजे आधुनिक वैद्यकही या कल्पनेच्या मागे गेलं. व्हिएन्नाचे नामवंत बालरोगतज्ज्ञ बेला शिक यांनी १९२० साली असा दावा केला की पाळी चालू असलेल्या बाईच्या हातातली फुलं लवकर कोमेजतात, कारण तिच्या अंगातून एक विष स्रवतं. त्या विषाला नावही मिळालं. पुढे अनेक वर्षं संशोधक ते शोधत राहिले. असं कोणतंही विष नाही, हाच अखेरचा निष्कर्ष निघाला.

या गोष्टीचं मराठी उत्तर मात्र कित्येक शतकं आधी दिलं गेलं होतं, आणि तेही जालन्याच्या शेजारच्याच मातीशी नातं सांगणाऱ्या घरातून. जालन्याला लागून असलेल्या देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखोबांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांच्या पत्नी सोयराबाई यांनी एका अभंगात विटाळाचा प्रश्न थेट शरीराशी आणून भिडवला आहे. ज्याला तुम्ही विटाळ म्हणता त्याच्यावाचून एकही देह घडत नाही, मग सोवळा कोण उरला, असा त्यांचा सवाल आहे. चौदाव्या शतकात जातीचा आणि बाईपणाचा असा दुहेरी विटाळ सोसणाऱ्या स्त्रीने जे ओळखलं, ते आजच्या विज्ञानाच्या धड्याशी तंतोतंत जुळतं. गर्भाशयाचं जे अस्तर पाळीत बाहेर पडतं, त्याच अस्तरात प्रत्येक माणसाचा गर्भ रुजलेला असतो. मुलींना शिकवताना सोयराबाईंचं नाव जरूर घ्यावं. विटाळ नाकारणं म्हणजे परंपरा सोडणं, असं म्हणणाऱ्या आजीलाही त्या परक्या वाटणार नाहीत.

‘बाजूला बसण्या’च्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: त्यामुळे बाईला विश्रांती मिळायची. विश्रांतीची गरज खरी आहे, तेव्हा हा युक्तिवाद नीट तपासला पाहिजे. मराठवाड्यातल्या शेतमजुराच्या घरात पाळीच्या पहिल्या दिवशी बाई कापूस वेचायला जाते, खुरपायला जाते, हंडा डोक्यावर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहते. तेव्हा तिच्या विश्रांतीची आठवण कुणाला होत नाही. तिला मनाई असते ती देव्हाऱ्याला, चुलीला, लोणच्याच्या बरणीला आणि घरातल्या अंथरुणाला. म्हणजे ही प्रथा कष्टांना हात लावत नाही, फक्त स्पर्श रोखते. विश्रांतीच द्यायची असेल तर तिच्या हातातला हंडा घ्यावा आणि तिला पलंगावर झोपू द्यावं.

सणावारी या मनाईचं एक नवं रूप दिसतं. गौरी-गणपती, घरचं लग्न किंवा देवदर्शनाची सहल जवळ आली की मेडिकलमधून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणल्या जातात, बहुतेकदा डॉक्टरांना न विचारता. या गोळ्यांत संप्रेरक असतं. रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असलेल्या किंवा यकृताचा आजार असलेल्या बाईला त्या घातक ठरू शकतात, आणि वारंवार घेतल्यास पाळीचं चक्र विस्कटतं. आई दर गौरीला गोळी घेते हे पाहणारी मुलगी न सांगताच शिकते की देवापुढे आपलं शरीर अडचणीचं आहे. इतकं सगळं सांगून झाल्यावरही एखाद्या घराला पूजेत पाळी नकोच असेल, तर निदान गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

फक्त कायद्याने ही गाठ सुटत नाही. नेपाळच्या पश्चिम भागात पाळीतल्या बाईला गोठ्यात किंवा झोपडीत ठेवण्याच्या छाउपडी प्रथेवर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये बंदी घातली. २०१७ मध्ये तो शिक्षापात्र गुन्हा ठरला. त्यानंतरही थंडीने, धुराने, सर्पदंशाने त्या झोपड्यांत मृत्यू झाले. आपल्या गडचिरोलीत पाळीतल्या बायकांना वेगळं ठेवण्याची कुर्मा घरं अजून उभी आहेत. झोपडी पाडता येते, पण ती बांधायला लावणारी भीती घालवायची तर माहितीच लागते.

पदर आला म्हणजे लग्न नव्हे

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यापासून वेगळा झाला. बियाण्यांचं शहर, पोलादाच्या गिरण्या, मोसंबीच्या बागा ही त्याची बाहेरची ओळख. आतमध्ये आठ तालुक्यांचा कोरडवाहू भाग आहे. तिथे कापूस, सोयाबीन आणि तूर पिकते, आणि पाऊस दगा देतो तेव्हा माणसं कामासाठी बाहेर पडतात. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या पट्ट्यातून दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात.

पाळी येण्याचा खरा अर्थ इथे कळतो. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जालना जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या विवाहित-अविवाहित सगळ्या स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के स्त्रियांचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं होतं. राज्याची सरासरी २२ टक्क्यांच्या आसपास होती. शेजारच्या परभणीत हा आकडा ४८, तर बीडमध्ये जवळपास ४४ होता. आकड्यांमागचं घर मात्र अडाणी किंवा निर्दय नसतं. आई-बाप कोयता घेऊन सहा महिने परजिल्ह्यात जाणार असतात. ‘शहाणी झालेली’ मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, आणि सोबत नेली तर फडावरच्या पालात तिला जपायचं कसं, हा त्यांच्यापुढचा खरा पेच असतो. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी हाच एक ‘कोयता’ धरला जातो आणि उचलही जोडीवरच मिळते. त्यामुळे लग्न हाच सोपा मार्ग वाटू लागतो. पाळी आली की घड्याळ सुरू झालं, असं सगळे धरून चालतात.

पाळी आली म्हणजे शरीर आईपणाला तयार झालं, हा समज शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा आहे, आणि मुलींना हे पहिल्यांदा सांगितलं पाहिजे. पहिल्या पाळीनंतर मुलीची उंची आणखी काही सेंटिमीटर वाढते आणि कटीच्या हाडांची वाढ त्यापुढेही चालू राहते. पहिली एक-दोन वर्षं तर अनेक पाळ्यांत बीजही सुटत नाही. कोवळ्या वयातल्या गर्भारपणात रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब आणि अडलेलं बाळंतपण यांचे धोके वाढतात आणि बाळ कमी वजनाचं जन्मण्याची शक्यताही. पाळी ही मोठं होण्याच्या बऱ्याच लांब वाटचालीतली एक पायरी आहे. ती वाट अठराच्या पुढे जाते.

हे ज्या मुलीला कळलेलं असतं, ती आईबापांशी बोलताना रडून गप्प बसत नाही. तिच्याकडे सांगायला कारण असतं. शिवाय तिला काही गोष्टी ठाऊक असतात. गावचा ग्रामसेवक हा कायद्याने बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. मदतीसाठी १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो. मुलींना एसटीचा प्रवास शाळेसाठी मोफत आहे आणि मानव विकासच्या निळ्या बस गावातून तालुक्याच्या शाळेपर्यंत जातात. शाळा सुटलेल्या मुलींसाठी जिल्ह्यात कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांची वसतिगृहं आहेत, म्हणजे आई-बाप फडावर गेले तरी मुलीला राहायला जागा आहे. शरीराची माहिती आणि हक्काची माहिती एकाच तासाला सांगितली तर दोन्ही उपयोगी पडतात.

‘अंगावर काढण्या’चा शेवट

बाराव्या वर्षी शिकलेली चुप्पी बाईच्या सोबत आयुष्यभर राहते. तिचं मोजमाप पहिल्यांदा महाराष्ट्रातच झालं. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. आयुष्यात कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र शंभरात आठही नव्हत्या. बाकी सगळ्या अंगावर काढत होत्या. या अभ्यासाने जगातल्या आरोग्य धोरणांना जाग आणली. डॉ. बंग यांनी पुढे ‘तारुण्यभान’ या शिबिरांतून मुलामुलींशी शरीर, पाळी आणि लैंगिकता यांविषयी मोकळेपणाने बोलण्याचं काम उभं केलं, ते याच अनुभवातून.

तीस वर्षांनी जालन्याच्या शेजारच्या बीडमध्ये या चुप्पीचं भीषण रूप समोर आलं. ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ मध्ये बातम्या आल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी’ काढलेली होती, म्हणजे दर सहा जणींत एकीपेक्षा थोडी जास्त. देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

यामागे अनेक कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. फडावर संडास नाही, पाणी नाही, पॅड बदलायला आडोसा नाही. एक दिवस काम बुडालं तर ‘खाडा’ पडतो आणि उचलीतून पैसे कापले जातात. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं यांमागे साध्या औषधांनी बरा होणारा जंतुसंसर्ग असू शकतो, हे कुणी सांगितलेलं नसतं. मग कुणीतरी सांगतं की पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल, काढून टाका म्हणजे कटकट संपेल. जिला पिशवी म्हणजे काय, तिचं काम काय, पांढरं जाणं कधी साधं आणि कधी आजार, यांतलं काहीच माहीत नाही, ती विशी-तिशीतली बाई दुसरा प्रश्न विचारू शकत नाही. ज्यांचे अंडाशयही काढले गेले, त्यांना ऐन उमेदीत रजोनिवृत्ती येते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात.

समितीनंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. ते आवश्यकच होतं. पण जालन्याच्या मंठा-परतूरची आणि बीडच्या गेवराई-माजलगावची बाई एकाच पद्धतीच्या फडात काम करते, तेच ऐकते आणि तसंच अंगावर काढते. तिचं संरक्षण परवानगीच्या कागदाआधी बरीच वर्षं, पाचवीच्या वर्गात सुरू होऊ शकतं.

पाचवीच्या वर्गात काय आणि कसं सांगायचं

सुरुवात दहा वर्षांच्या आसपास करावी, म्हणजे बहुतेकींना पहिली पाळी येण्याआधी. शाळेत बाई नसतील, सगळे गुरुजीच असतील, तर आशाताई, अंगणवाडीसेविका किंवा उपकेंद्राच्या सिस्टरबाईंना बोलवावं. पहिला तास फक्त मुलींचा असावा आणि त्यात अवयवांची नावं स्पष्ट घ्यावीत. आढेवेढे घेत सांगितलं की मुलींना आधी लाज ऐकू येते, माहिती नंतर. फळ्यावर गर्भाशय आणि अंडाशय काढून दाखवावेत. ‘कावळा शिवला’ असं सांगून वेळ मारून नेण्याची ही जागा नाही.

दुसऱ्या तासाला वस्तू हातात द्याव्यात. पॅड उघडून चड्डीला लावून दाखवावं. सुती कापडाची घडी कशी घालतात तेही दाखवावं. त्यानंतर वर्गात एक प्रश्नपेटी ठेवावी आणि मुलींनी नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकाव्यात. मोठ्याने विचारता न येणारे प्रश्न त्यातून निघतात: आंघोळ करायची का, खेळायचं का, सायकल चालवली तर चालेल का, डाग पडला तर काय करू? उत्तरं सोपी आहेत. आंघोळ रोज करायची, खेळायचं, सायकल चालवायची, नेहमीसारखंच सगळं खायचं. आंबट, गार किंवा दही खाल्ल्याने रक्तस्राव वाढत नाही.

तिसरा तास मुलामुलींचा एकत्र असावा, आणि तो टाळू नये. डाग दिसल्यावर हसणारा मुलगा वाईट असतोच असं नाही, पण त्याला कुणी काहीच सांगितलेलं नसतं. आईच्या शरीरात दर महिन्याला काय होतं आणि आपण त्याच जागेत वाढलो, हे कळलेला मुलगा बहिणीला शाळेतून घरी सोडायला जातो. तोच मुलगा उद्या नवरा आणि बाप होईल, तेव्हा मेडिकलमध्ये पॅड मागताना काळी पिशवी मागणार नाही. उच्च प्राथमिक शाळांत चालणारा मीना-राजू मंच या एकत्र बोलण्यासाठी आधीपासूनच आहे.

चौथी बैठक आयांची असावी, आणि आज्यांनाही आवर्जून बोलवावं. त्यांना चुकलात म्हणून सुनावलं तर त्या दुसऱ्या वेळी येणार नाहीत. त्यांच्या पहिल्या पाळीच्या दिवशी त्यांना काय वाटलं होतं ते विचारावं. त्या बोलू लागल्या की नातीवर तेच येऊ नये, असं त्यांना स्वतःलाच वाटतं.

पॅड, कापड आणि पाणी

वस्तूंच्या बाबतीत आपण पुष्कळ पुढे आलो आहोत. ८ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने अस्मिता योजना सुरू केली. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत मिळावं आणि बचत गटाच्या बायकांनी ते गावात विकावं, अशी तिची आखणी होती. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा वस्तू आणि सेवा कर रद्द झाला. पंधरा ते चोवीस वयाच्या स्त्रियांत पाळीसाठी स्वच्छ साधनं वापरणाऱ्यांचं प्रमाण देशात २०१५-१६ मध्ये सुमारे ५८ टक्के होतं. पुढच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ते ७७ टक्क्यांवर गेलं.

पण पाकिटासोबत माहिती गेली नाही तर पॅड दिवसभर तेच राहतं. ते चार ते सहा तासांनी बदलावं, कमी भिजलं असलं तरी. कापड वापरणं हलकं नव्हे. मऊ सुती कापड साबणाने धुऊन उन्हात पूर्ण वाळवलं तर ते चांगलंच साधन आहे. धोका असतो तो ओलसर कापडाचा. साडीखाली, कोपऱ्यात, पलंगामागे लपवून वाळवलेलं कापड नीट सुकत नाही आणि त्यात जंतू वाढतात. इथे लाज थेट आजारात बदलते. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात द्यावं, संडासात टाकू नये. पुण्यात कचरावेचक स्त्रियांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईला ती उघडावी लागत नाही. पॅड बाहेर टाकणारी आणि उचलणारी, दोघींचाही मान त्यात राखला जातो.

आणि जालन्यात सगळ्या सूचना एका जागी येऊन अडतात: पाणी. दुष्काळी वर्षी टँकरवर जगणाऱ्या गावात शाळेच्या संडासाला पाणी कोण देणार? मुलींच्या संडासाला आतून कडी, पाण्याची एक भरलेली बादली, झाकणाची कचरापेटी आणि शिक्षिकेच्या कपाटात चार जादा पॅड, एवढं असेल तर मुलगी पाळीत शाळेत थांबते. शाळा व्यवस्थापन समितीने दर महिन्याच्या बैठकीत हे चार मुद्दे वाचून विचारले, तर वेगळ्या योजनेची वाट पाहावी लागणार नाही.

जालन्याचं वर्ष दोन तारखांमध्ये बसलेलं आहे. जूनमध्ये शाळा उघडते आणि पाचवीच्या पटावर नावं चढतात. दसऱ्यानंतर कोयते निघतात आणि त्या पटावरच्या काही मुली आईबापांसोबत गाव सोडतात, काही तर पुन्हा वर्गात दिसत नाहीत. मधले चार महिने आपल्या हातात असतात. या चार महिन्यांत तीन तास मुलामुलींसाठी आणि एक बैठक आयांसाठी, एवढं प्रत्येक जिल्हा परिषद शाळेने केलं, तर फडाकडे निघालेली दहा वर्षांची मुलगीही आपल्या शरीराबद्दलचं सगळं माहीत करून घेऊनच निघेल. हे काम पुढच्या जूनवर ढकलायचं नाही, कारण तोपर्यंत कित्येकींची दोन वर्षांची मुदत संपलेली असेल.